संगणकाच्या खोलीचे कुलूप काढा!

पोळा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमारही झाली. जाम नदीच्या दोन्ही काठांवर, पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये, दरवर्षीप्रमाणे पोलीस उभे राहिले, डॉक्टर बसले, रुग्णवाहिका सज्ज झाल्या आणि एका दिवसाच्या दगडफेकीसाठी शासनाची सारी यंत्रणा आधीपासून राबली. त्याबद्दल आमची तक्रार नाही. जेथे डोकी फुटणार हे ठाऊक आहे तेथे मलमपट्टीची तयारी हवीच. पण येत्या मे महिन्यात याच पांढुर्णा आणि सौंसर तालुक्यांतील मुलेमुली एका दुसऱ्या मैदानात उतरणार आहेत. तेथे दगड नाहीत, रक्त नाही, म्हणून कोणाला त्याची दखलही नाही. मात्र तेथे जे जायबंदी होतात त्यांचे एक वर्ष जाते, कित्येकदा सगळे शिक्षणच जाते. आणि मूल मुकाट्याने घरी परतते, ‘आपल्याला जमले नाही’ एवढेच म्हणते. आम्ही बोलतो आहोत ते संगणकावर होणाऱ्या प्रवेश परीक्षांविषयी.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी-प्रवेशासाठी एक सामाईक परीक्षा आणली. सीयूईटी हे तिचे रूढ नाव. सागरचे हरिसिंह गौर विद्यापीठ, अमरकंटकचे जनजातीय विद्यापीठ, वर्ध्याचे हिंदी विद्यापीठ, दिल्ली, बनारस, या सर्वांच्या दरवाजांची किल्ली ती आहे. अभियांत्रिकीची जेईई २०१९ पासून संगणकावर गेली; महाराष्ट्राची एमएचटी-सीईटीही त्याच वर्षी गेली. एवढेच काय, मध्य प्रदेशात २०२३ साली पटवारी भरतीची परीक्षा झाली तीही संगणकावरच. म्हणजे शिकायचे असो वा नोकरी मिळवायची असो, आमच्या मुलाला आता आधी त्या पडद्यासमोर बसावे लागते. आणि ही सारी घोडदौड चालू असताना आमच्या शाळांतून त्या यंत्राची ओळख कोणी करून दिली? बारावीपर्यंत मूल वहीत लिहिते, फळ्यावरून उतरवते, बोर्डाचा पेपर निळ्या शाईने सोडवते. आणि मग एके सकाळी अनोळखी शहरात, अनोळखी खोलीत, अनोळखी यंत्रापुढे त्याला बसवले जाते व सांगितले जाते की तुझ्याजवळ साठ मिनिटे आहेत.

गेल्या वर्षीची एक हकीकत सांगतो. आमच्या ओळखीच्या एका संत्रा बागाईतदाराची मुलगी. वर्गात पहिली, वाचनाची आवड, इतिहास घेऊन पदवी करण्याची हौस. परीक्षेहून परतल्यावर आम्ही विचारले, तेव्हा ती म्हणाली, “काका, उत्तर तं येत होतं, पन थो बाण जागेवर राहेच ना.” बाण म्हणजे पडद्यावरचा कर्सर. माउस तिने त्या दिवशी आयुष्यात दुसऱ्यांदा हातात धरला होता. हळूहळू आणखी एक गोष्ट उलगडली. उत्तर निवडून झाल्यावर ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ ही कळ दाबायची असते. ती न दाबता बाजूच्या चौकटीतील पुढच्या प्रश्नाच्या आकड्यावर थेट गेले, तर आधीचे उत्तर नोंदले जात नाही. सूचनांच्या पानावर हे स्पष्ट लिहिलेले असते. पण छाती धडधडत असताना ते पान वाचतो कोण? या मुलीने पहिले कित्येक प्रश्न तसेच सोडवले आणि तसेच गमावले. चौकटीतले आकडे हिरवे न होता लाल का राहतात, हे तिला कळेपर्यंत अर्धा वेळ सरला होता. तिला इतिहास येत नव्हता असे कोणी म्हणेल काय? पण गुणपत्रकाने तेच म्हटले आणि विद्यापीठाने तेच वाचले.

आता थोडा हिशेब करू. २०२५ पासून सीयूईटीच्या प्रत्येक विषयाला ५० प्रश्न आहेत, सर्व सोडवावयाचे, आणि वेळ ६० मिनिटे. एका प्रश्नाच्या वाट्याला ७२ सेकंद येतात. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकलेल्याचा १ गुण वजा. समजा, माउस चालविण्याची सवय नाही म्हणून, पान खाली सरकवताना अडखळले म्हणून, एका प्रश्नामागे केवळ दहा सेकंद वाया गेली. पन्नास प्रश्नांत पाचशे सेकंद, म्हणजे आठ मिनिटांहून अधिक. तेवढ्यात सात प्रश्न झाले असते. सात प्रश्नांचे ३५ गुण. ज्या परीक्षेत एकेका गुणाने प्रवेश हुकतो, तेथे पस्तीस गुणांचा दंड आमच्या मुलाने भरावा, आणि तो कशाबद्दल? अज्ञानाबद्दल नव्हे, आळसाबद्दल नव्हे. केवळ त्याच्या घरात आणि शाळेत ते यंत्र नव्हते म्हणून!

यावर आमच्या गावातील शहाणे दोन तऱ्हेने बोलतात. पहिले म्हणतात, “आजकालच्या पोरांना कसला संगणक शिकवता? दिवसभर मोबाईल त्यांच्याच हातात असतो.” हे बोलणे ऐकायला ठसकेबाज आहे, पण त्यात सत्याचा अंश थोडा. ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाच्या मुलांची ‘असर’ पाहणी २०२३ साली झाली. दहापैकी जवळजवळ नऊ मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. पण संगणक वा लॅपटॉप असलेली घरे निघाली अवघी ९ टक्के. ज्यांच्या घरी संगणक, त्यांतल्या सुमारे ८५ टक्क्यांना तो चालवता येत होता. ज्यांच्या घरी नाही त्यांत जेमतेम ३४ टक्क्यांना. मोबाईल येतो म्हणून संगणक आपोआप येत असता, तर हे अंतर पडले असते काय? बोटाने काच पुसणे वेगळे, आणि टेबलावर हात फिरवून दूरच्या पडद्यावर नेमकी जागा गाठणे वेगळे. सायकल येते म्हणून ट्रॅक्टर कोणी शेतात घालत नाही.

दुसरे आमच्याच चळवळीतले, आमचेच स्नेही आहेत. म्हणून त्यांना उत्तर देताना जरा जड जाते. ते म्हणतात, ही परीक्षाच श्रीमंतांची आहे, शहरवाल्यांची आहे, ती रद्द करा, कागद-पेन्सिल परत आणा. त्यांची चीड आम्हांला समजते. पहिल्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०२२ रोजी, तांत्रिक बिघाडापायी दुपारच्या सत्राची परीक्षा देशभर रद्द करावी लागली आणि दूरदूरहून आलेली मुले केंद्राच्या दारातून परत गेली, हे आम्ही विसरलेलो नाही. २०२४ साली काही विषय कागदावर घेऊन पाहिले गेले हेही खरे. पण २०२५ साली सगळे विषय पुन्हा संगणकावर गेले. कागद परत येईल या आशेवर जो आपल्या मुलाला स्वस्थ बसवील, तो त्याचा शत्रू ठरेल. शिवाय आमचा या मित्रांना एक रोखठोक सवाल आहे: उद्या परीक्षा कागदावर आली, तरी त्यानंतरच्या कॉलेजात, बँकेत, तहसील कचेरीत, दवाखान्यात जे यंत्र प्रत्येक टेबलावर आहे त्याचे काय करणार? परीक्षा संगणकावर होते हा अन्याय नव्हे. संगणक पहिल्यांदा परीक्षेच्या दिवशीच दिसतो, हा अन्याय आहे.

आणि या अन्यायाला राज्यकर्ते जबाबदार नाहीत असे मात्र आम्ही म्हणणार नाही. मध्य प्रदेश शासन बारावीत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्या मुलांना लॅपटॉपसाठी २५ हजार रुपये देते. योजना चांगली आहे. पण २०२५ साली ही रक्कम मुलांच्या खात्यात पडली कधी? ४ जुलै रोजी, ९४ हजारांहून अधिक मुलांच्या. आणि सीयूईटी आटोपली होती जूनच्या पहिल्या आठवड्यात! वरातीमागून घोडे म्हणतात ते याला. आधी यंत्राविना परीक्षा द्या, त्यात पडा, आणि मग यंत्र घ्या. शिवाय ज्याला ७४ टक्के पडले त्याला तेही नाही. हेच पैसे अकरावीच्या वर्गात शाळेला मिळाले असते तर एका लॅपटॉपवर दहा मुलांचा हात बसला असता.

शाळांचे पाहू. केंद्र सरकारच्याच यूडाइस आकडेवारीप्रमाणे २०२४-२५ मध्ये देशातील सुमारे ६५ टक्के शाळांतून संगणकाची सोय आहे, आदल्या वर्षी ती ५७ टक्के होती. वाढ झाली, ठीक. पण कागदावर ‘सोय आहे’ म्हणजे काय, हे आम्हांला शाळांच्या ओसरीवर उभे राहून ठाऊक आहे. खोली आहे, दारावर ‘संगणक कक्ष’ अशी पाटी आहे, आत प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली यंत्रे आहेत, आणि दाराला कुलूप आहे. कुलूप का? तर बिघडले तर जबाबदार कोण! किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात, कपाटाची किल्ली कारकुनाकडे, कारकून जिल्ह्याच्या मीटिंगला. वापराने यंत्र बिघडते ही भीती ज्याने आमच्या शाळांत रुजवली त्याने मुलांचे जितके नुकसान केले तितके वीजकपातीनेही केले नाही. वापरले नाही तरी ते सात-आठ वर्षांत भंगारात जाणारच आहे. मग मुलांच्या हातून झिजून का जाऊ नये?

नॅशनल टेस्टिंग एजन्सीने २०१८ साली मोठा गाजावाजा करून अडीच हजारांहून अधिक ‘सराव केंद्रे’ जाहीर केली होती. ग्रामीण मुलांनी शनिवार-रविवारी तेथे यावे, संगणकावर फुकट सराव करावा, असा तो बेत. आमच्या वाचकांपैकी किती जणांनी असे केंद्र डोळ्यांनी पाहिले आहे, त्यांनी आम्हांला जरूर लिहावे. २०२४ च्या परीक्षा-गोंधळानंतर डॉ. के. राधाकृष्णन यांच्या समितीने सुचवले की केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये यांच्यात परीक्षा केंद्रे उभारा आणि दुर्गम भागासाठी फिरती केंद्रे काढा. सूचना उत्तम. पण पांढुर्ण्याला २०२३ साली छिंदवाड्यातून काढून स्वतंत्र जिल्हा केले, ते केवळ कलेक्टरच्या गाडीवर पाटी बदलण्यासाठी काय? नव्या जिल्ह्याच्या मुख्यालयात संगणकावरील परीक्षेचे एक पक्के केंद्र हवे, ही मागणी आम्ही आज येथे नोंदवतो आणि ती मान्य होईपर्यंत नोंदवत राहू. पहाटेच्या गाडीने दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन, उपाशीपोटी, झोपेविना परीक्षेला बसणारे मूल आणि केंद्रापासून दोन गल्ल्यांवर राहणारे मूल यांची बरोबरी कोणत्या न्यायाने होते?

येथे भाषेचा प्रश्न येतो, आणि तो टाळून जाणे आमच्या पानाला शोभणार नाही. सीयूईटी १३ भाषांत होते, त्यांत मराठी आहे. जेईईतही २०२१ पासून मराठी आहे. पण आजवरच्या माहितीपत्रकांत तिची मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांना बांधलेली आहे. म्हणजे सावनेर-काटोलच्या मुलाला जो हक्क, तो सीमेच्या चार मैल अलीकडच्या आमच्या मुलाला आपल्या राज्यातील केंद्रावर नाही. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात कर्नाटक सीमेवरील ८६५ गावांच्या मराठी मुलांसाठी खास तरतूद आहे, आणि ती असावीच. पण त्या यादीत पांढुर्णा नाही, सौंसर नाही. १९५६ मध्ये ज्यांना नागपूरपासून तोडले, त्यांची आठवण यादी करणाऱ्यांना का होऊ नये? हा झगडा आम्ही लढतो आहोतच.

मात्र अर्ज भरताना मुलांनी भावनेच्या आहारी जाऊ नये, हे आम्ही निक्षून सांगतो. आणि मराठीच्या चळवळीच्या पानावरून सांगतो म्हणून ते कोणी वेगळ्या अर्थाने घेऊ नये. प्रश्नपत्रिकेचे माध्यम तेच निवडावे ज्या माध्यमाच्या पुस्तकातून विषय शिकलात. घरी मराठी बोलणारे पण हिंदी पुस्तकातून गणित शिकलेले मूल मराठी पेपर उघडते आणि ‘समाकलन’ शोधू लागते. तेथे ‘संकलन’ लिहिलेले असते. ‘अवकलन’चे ‘विकलन’ झालेले असते, ‘घनत्व’ची ‘घनता’, ‘प्रतिरोध’चा ‘रोध’. ७२ सेकंदांत हा कोश कोण चाळणार? भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर प्रमाण, असा नियम आहे, तोही ध्यानात असावा. मराठीवरील प्रेम दाखवायला वेगळी जागा आहे: सीयूईटीत मराठी हा भाषा-विषय म्हणून घेता येतो, तो अवश्य घ्यावा आणि त्यात उत्तम गुण मिळवावेत.

अर्जाचेही तसेच. आमची मुले अर्ज स्वतः भरत नाहीत. ‘एमपी ऑनलाइन’च्या दुकानात जातात, दुकानदार खटाखट टंकतो, मूल शेजारी उभे राहून जन्मतारीख सांगते, पैसे देऊन छापील कागद घेऊन येते. दुकानदाराने विषय चुकीचा टाकला तर ते प्रवेशपत्र आल्यावर कळते. आमचे म्हणणे, पुढच्या वेळी दुकानदाराला सांगा, “भाऊ, खुर्चीवर मला बसू द्या, तुम्ही शेजारी उभे राहा.” अर्धा तास जास्त लागेल. तो अर्धा तास म्हणजे मुलाचा पहिला धडा.

मग करायचे काय? आम्ही चंद्र मागत नाही. माउसची भीती जायला दहा-बारा संध्याकाळी पुरतात, हे आम्ही अनुभवाने सांगतो. पहिल्या दोन-तीन दिवशी परीक्षेचे नावसुद्धा काढू नये. चित्रे काढावीत, पत्त्यांचा खेळ खेळावा, पान वरखाली करावे, हात मोकळा होऊ द्यावा. मग टेस्टिंग एजन्सीच्या संकेतस्थळावरची फुकट सराव परीक्षा उघडावी आणि रंग ओळखायला शिकावे: करडा म्हणजे पाहिलेलाच नाही, लाल म्हणजे पाहिला पण उत्तर नाही, हिरवा म्हणजे उत्तर नोंदले, जांभळा म्हणजे पुन्हा पाहण्यासाठी ठेवला. उत्तर न देता जांभळा ठेवलेला प्रश्न कोरा तो कोराच. निवडलेले उत्तर पुसावयाचे तर ‘क्लिअर रिस्पॉन्स’. ही चार-पाच कळांची विद्या आहे, वेदान्त नव्हे! त्यानंतर मात्र पुरी साठ मिनिटे, मध्ये न उठता, पाणी न पिता, कच्च्या कामाला कागद घेऊन, निदान पाचसहा वेळा पूर्ण पेपर सोडवावा. कारण पडद्यावर लांबलचक उतारा वाचणे हीच एक निराळी सवय आहे, तेथे पेन्सिलीने खूण करता येत नाही आणि डोळे लवकर शिणतात. लॅपटॉपवर सराव करणाऱ्यांनी त्याला वेगळा माउस जोडावा. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी दोन-तीनशे रुपयांचा माउस आणि एक छोटी जोडपिन घेऊन तो मोबाईललाच लावावा. बऱ्याच मोबाईलवर बाण उमटतो. शोभेचा उपाय नाही, पण हात बसतो. आणि केंद्रावर यंत्र बंद पडले तर घाबरून रडत न बसता ताबडतोब हात वर करावा. दुसरे यंत्र व गेलेला वेळ मिळण्याचा नियम आहे, पण तो मागणाऱ्यासाठी आहे.

मुलींविषयी वेगळे सांगणे भाग आहे. मुलगे कसे तरी नागपूरच्या क्लासला जातात, मित्राच्या खोलीवर राहतात, कोणाच्या तरी संगणकावर हात मारून घेतात. मुलीला संध्याकाळी सातनंतर बाजारातल्या नेट-दुकानात बसू देणारा बाप आमच्या गावात विरळा, आणि त्याला दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. यावर उपाय एकच: सराव शाळेतच हवा, शाळा सुटल्यावर लगेच हवा, आणि तेथे एक शिक्षिका बसलेली हवी. ज्या शाळेत ही सोय होईल तेथील निम्मी लढाई मुलींनी जिंकलीच म्हणून समजा.

शिकवणारे कोठून आणायचे, असेही विचारतील. बँकेतून निवृत्त झालेले कर्मचारी या दोन गावांत थोडे नाहीत. आयुष्याची वीस वर्षे त्यांनी हेच यंत्र चालविले. कॉलेजात शिकणारी आमचीच मुले सुट्टीत घरी येतात, ती स्वतः या दिव्यातून गेलेली आहेत. क्लासवाल्यांच्या जाहिराती वाचून हजारो रुपये मोजण्याआधी यांच्यापैकी एकाला चहाला बोलवावे.

परीक्षेला आठ महिने आहेत. येत्या रविवारपासून आमचे कार्यकर्ते पांढुर्णा व सौंसरच्या प्रत्येक हायस्कुलात जाऊन मुख्याध्यापकांना तीन गोष्टी विचारणार आहेत: तुमच्याकडे चालू संगणक किती, ते आठवड्यातून किती तास मुलांसाठी उघडे असतात, आणि खोलीची किल्ली कोणापाशी असते. जी उत्तरे येतील ती शाळेच्या नावासह याच पानावर, जशीच्या तशी छापली जातील. ज्या शाळा किल्ली देतील त्यांना शिकवणारे स्वयंसेवक आम्ही पुरवू. वीजबिलाची वर्गणीही गोळा करू. स्वयंसेवकांनी आपली नावे शनिवारी संध्याकाळपर्यंत आमच्या कचेरीत नोंदवावीत.